चार फुटांपेक्षा लांब तार नको

संगणकाच्या इतिहासातील एक छायाचित्र अनेकांनी पाहिलेले असेल. माणसाहून थोडे उंच असे, अर्धवर्तुळाहून जरा जास्त वळलेले एक यंत्र, इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे. पायथ्याशी सगळीकडून गुबगुबीत बैठक. अनोळखी माणसाला वाटावे, की हा एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यातला सोफा असेल. हे यंत्र म्हणजे १९७६चा क्रे-१, त्या काळचा जगातील सर्वांत वेगवान संगणक. बैठकीच्या आत वीजपुरवठ्याची सामग्री होती. गोलाईसुद्धा शोभेसाठी नव्हती. ‘सी’च्या आतल्या बाजूला सगळ्या तारा एकमेकींच्या जवळ याव्यात आणि त्यातली कोणतीही चार फुटांपेक्षा लांब होऊ नये, म्हणून ती होती.

चार फुटांचा एवढा बाऊ कशासाठी? प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, साधारण एक फूट जातो. तारेतला विजेचा संकेत त्याहून मंद. क्रे-१चा एक ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा होता. चार फूट तार ओलांडण्यातच त्या ठोक्याचा जवळजवळ निम्मा वेळ संपतो. तार आठ फुटांची झाली, तर प्रोसेसर पुढच्या आकड्याची वाट पाहत नुसता बसून राहणार. संगणकात अंतर म्हणजेच वेळ, हे सेमूर क्रे यांनी ओळखले आणि सारे आयुष्य या अंतराशी झुंजण्यात घालवले. आजच्या मोठ्या सर्व्हरमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आपल्या कामकऱ्यांना कोणत्या प्रोसेसरपाशी बसवायचे याचा सतत हिशेब करत असतो. त्याचे कारणही हेच अंतर. पण ते पुढे.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५चा, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या चिप्पेवा फॉल्स या छोट्या गावातला. वडील स्थापत्य अभियंते. मुलाचा कल पाहून त्यांनी घराचे तळघर त्याच्या खटपटींसाठी मोकळे करून दिले. दहाव्या वर्षी सेमूरने खेळण्यातल्या सांगाड्याचे सुटे भाग जोडून, भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून मोर्स संकेत वाजवणारे यंत्र बनवले होते. शाळा संपली ती १९४३मध्ये, ऐन महायुद्धात. सैन्यात रेडिओचे काम मिळाले, आधी युरोपात आणि नंतर फिलिपिन्समध्ये, जिथे जपानी सांकेतिक संदेशांशी गाठ पडली. परतल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून १९४९मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९५१मध्ये उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी. सेंट पॉल शहरात एका जुन्या ग्लायडर कारखान्यात नौदलासाठी गुप्त यंत्रे बनवणारी एक कंपनी होती. तिथे ते रुजू झाले आणि संगणक बनवणे हाच त्यांचा पेशा ठरला.

ती कंपनी मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली. काही सहकाऱ्यांनी बाहेर पडून १९५७मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन काढली. हातातले काम पुरे करून क्रे पुढल्या वर्षी तिथे पोहोचले. पैसा बेताचा. स्वस्तातले ट्रान्झिस्टर घ्यायचे, त्यांचे गुण थोडे कमी-जास्त असले तरी चालेल अशी मंडले आखायची, असा काटकसरीचा मार्ग त्यांनी काढला. १९६०मध्ये त्यातून उभा राहिलेला १६०४ हा संगणक चांगला खपला. मग अधिकारी आले, बैठका आल्या, अहवाल आले. क्रे यांना हे काही झेपेना. त्यांनी मालकांना पटवून प्रयोगशाळाच उचलली आणि आपल्या गावी, चिप्पेवा फॉल्सला, घराजवळच्या जमिनीवर नेली. सकाळी निवांत यायचे, संध्याकाळी जेवायला घरी जायचे आणि रात्री सामसूम झाल्यावर पुन्हा येऊन काम करायचे, असा त्यांचा क्रम होता. घराखाली ते हाताने भुयार खणत असत, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. अवघड प्रश्न सुटावा म्हणून खणायचे म्हणे.

याच प्रयोगशाळेत सीडीसी ६६०० तयार झाला. १९६३मध्ये त्याची घोषणा झाली, तेव्हा आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक चिठ्ठी लिहिली. सफाई कामगार धरून अवघ्या ३४ माणसांच्या प्रयोगशाळेने आपल्या अवाढव्य कंपनीला मागे कसे टाकले, हा त्यांचा प्रश्न होता. ही चिठ्ठी पुढे खूप गाजली. यंत्राच्या वेगाबद्दलही पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्या यंत्रातली दुसरीच एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. ती जरा सावकाश पाहू.

लग्नाच्या स्वयंपाकाची कल्पना करा. मुख्य आचारी चुलीपाशी आहे. कोठीघर अंगणापलीकडे. मीठ आणायला, गॅसवाल्याशी बोलायला, पाहुण्यांचा आकडा विचारायला दर वेळी आचारीच उठला, तर पंगत कधी बसणार? म्हणून हाताखाली माणसे लागतात. त्या काळच्या संगणकांत मुख्य प्रोसेसरला ही किरकोळ धावपळ बरीचशी स्वतः करावी लागे. क्रे यांनी ६६००च्या मुख्य प्रोसेसरला बाहेरच्या जगाशी बोलण्याची आज्ञाच ठेवली नाही. त्याने फक्त गणित करायचे. कार्ड वाचणे, फीत फिरवणे, छापणे, आणि ऑपरेटिंग सिस्टीमची सगळी व्यवस्थासुद्धा, दहा छोट्या मदतनीस प्रोसेसरांकडे दिली. प्रत्येक मदतनिसाला स्वतःची मेमरी होती, १२ बिटांचे ४,०९६ शब्द. आजच्या मानाने चिमूटभर, पण स्वतःची आणि हाताशी.

या दहांत एक गंमत होती. दहा मदतनिसांचे गणित करणारे मंडल एकच होते, आणि ते आळीपाळीने वापरले जाई. मेमरीतून एक शब्द यायला त्या काळी १,००० नॅनोसेकंद लागत. प्रत्येकाची पाळी १०० नॅनोसेकंदांची. म्हणजे पहिल्याने आपली वस्तू मागवली, बाकी नऊ जण आपापली पाळी घेऊन गेले, आणि पुन्हा पहिल्याची वेळ आली तेव्हा त्याची वस्तू नेमकी दारात हजर. मेमरी दहापट संथ आहे, ही अडचण त्यांनी दहा कामकरी नेमून जिरवली. एखाद्याची वाट पाहण्याची वेळ दुसऱ्याच्या कामाला लावणे ही युक्ती आज आपल्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरातही आहे.

चिप्पेवा फॉल्समध्ये यंत्राच्या चाचणीसाठी एक साधी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली गेली होती. पुढच्या प्रणालींचा पाया तीच झाली. तिच्यात एक मदतनीस मुकादम होता. दुसरा चालकाचा पडदा आणि कळफलक सांभाळे. उरलेले एका गटात मोकळे असत. मध्यवर्ती मेमरीत प्रत्येकाच्या नावाची जणू एक टपालपेटी होती. मोकळा मदतनीस सतत तिच्यात डोकावत राही. मुकादमाने कामाचे नाव टाकले, की तो त्या कामाचा छोटा प्रोग्राम आपल्या मेमरीत उतरवून घ्यायचा, काम उरकायचा, झाल्याची खूण करायचा आणि पुन्हा पेटीपाशी हजर. आजच्या कर्नलमधल्या वर्कर थ्रेडची ओळख करून द्यायची असेल, तर मी या दहा मदतनिसांपासूनच सुरुवात करीन. रांगेत काम येते, गटातला मोकळा कामकरी ते उचलतो, स्वतःजवळच्या मेमरीत बसून करतो.

६६००मध्ये एक उणीवही होती. मध्यवर्ती मेमरीत एखादा बिट चुकला तर तो पकडणारी तपासणी क्रे यांनी ठेवलीच नव्हती. वेगासाठी अशी सोय गाळण्याचा हा हट्ट सगळ्यांना पटणारा नव्हता, आणि क्रे-१पर्यंत येता येता त्यांना तो सोडावा लागला.

१९६९च्या सुमारास आलेल्या ७६००मध्ये मेमरीच दोन प्रकारची होती, थोडी पण चपळ आणि पुष्कळ पण संथ. त्यानंतरच्या ८६००मध्ये त्यांनी चार प्रोसेसर एकत्र बसवायचे ठरवले. तारा आखूड ठेवण्यासाठी मंडलांचे थर इतके दाटीने रचले, की उष्णता आवरेना आणि जोड टिकेनात. कंपनीकडे नव्याने सुरुवात करायला पैसा नव्हता. १९७२मध्ये क्रे बाहेर पडले आणि स्वतःच्या नावाची क्रे रिसर्च ही कंपनी काढली.

क्रे-१ची गोष्ट सुरुवातीला आली आहे. पहिले यंत्र लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत गेले. हे लपवण्यात अर्थ नाही, की क्रे यांच्या यंत्रांचे मोठे गिऱ्हाईक अण्वस्त्रांचे गणित करणारेच होते. पण हवामानाचे अंदाज वर्तवणाऱ्या युरोपीय केंद्रानेही क्रे-१ घेतला, आणि आठवडाभर पुढचे हवामान सांगण्याचे काम त्यावर सुरू झाले. त्यातल्या तारा चिप्पेवा फॉल्स परिसरातल्या स्त्रियांनी हाताने, एकेक करून जोडलेल्या असत. ऐंशीहून अधिक यंत्रे विकली गेली. सुरुवातीला जगात अशी डझनभर यंत्रे तरी खपतील का, याचीच शंका होती.

१९८५च्या क्रे-२मध्ये चार प्रोसेसर होते. मोठी सामायिक मेमरी सगळ्यांना एकच, शिवाय प्रत्येकाला स्वतःची छोटी, १६ हजार शब्दांची. दाटी एवढी, की वाऱ्याने थंड होणे अशक्य. सगळी मंडले एका निष्क्रिय द्रवात बुडवून ठेवली होती. पारदर्शक टाकीत बुडबुडे दिसत. या जातीच्या फ्लोरीनयुक्त द्रवांत प्राणवायू खूप विरघळतो. कृत्रिम रक्त म्हणून आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांसाठीही डॉक्टरांनी त्यांचे प्रयोग केले आहेत. विजेच्या तारा बुडवता येतील आणि शरीरही सहन करील असे द्रव फार थोडे.

इथे आपल्याकडची एक हकिकत जोडून येते. मॉन्सूनच्या अंदाजासाठी भारताला क्रे कंपनीचा एक्स-एमपी संगणक हवा होता. हे यंत्र क्रे यांनी नव्हे, त्यांच्या कंपनीतल्या स्टीव्ह चेन यांच्या चमूने आखले होते. अमेरिकेने बऱ्याच खळखळीनंतर एका प्रोसेसरचे यंत्र दिले. ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत बसले. त्याहून मोठे देण्यास नकार आला. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० तयार झाला. त्याची रीत क्रे यांच्या अगदी उलट होती. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून ६४ साधे प्रोसेसर घेतले, प्रत्येकापाशी त्याची मेमरी ठेवली, आणि एकाला दुसऱ्याकडचे काही हवे असेल तर त्याने निरोप पाठवून मागावे असे ठरवले. नांगराला दोन दणकट बैल लावावेत की हजारभर कोंबड्या, असा सवाल क्रे यांच्या नावावर सांगितला जातो. त्यांचे मत अर्थातच बैलांकडे. पुण्यात कोंबड्यांनी नांगरून दाखवले, आणि जगात इतरत्रही तेच होऊ लागले.

क्रे स्वतः दुसऱ्या टोकाला निघाले होते. क्रे-३साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिपा घेतल्या. १९८९मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात वेगळी कंपनी काढली. ठोका दोन नॅनोसेकंदांवर आणायचा, तर तारा इंचांत मोजायच्या झाल्या. काम लांबत गेले. १९९१मध्ये लिव्हरमोर प्रयोगशाळेने आपली मागणी रद्द केली. शीतयुद्ध संपले होते, सरकारी तिजोरी आखडली होती. एक यंत्र १९९३मध्ये बोल्डरच्या हवामान संशोधन केंद्रात चाचणीसाठी गेले. विकले मात्र एकही गेले नाही. क्रे-४ची आखणी एका नॅनोसेकंदाच्या ठोक्यावर आली होती. एक नॅनोसेकंद म्हणजे प्रकाशाचा एक फूट. मार्च १९९५मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. क्रे तेव्हा ६९ वर्षांचे होते.

हरल्याचे कारण एकच नव्हते. पण एक गोष्ट उघड झाली होती, की सगळी मेमरी सगळ्या प्रोसेसरांच्या सारखीच जवळ ठेवणे आता शक्य नव्हते. मेमरी काहींना जवळ आणि काहींना लांबच असणार. मग ते लांब-जवळ ओळखून कामाची वाटणी करणे हे यंत्र बांधणाऱ्याचे काम उरत नाही, ते कर्नलकडे जाते.

आजच्या मोठ्या सर्व्हरमध्ये दोन किंवा अधिक प्रोसेसर-चिपा असतात आणि प्रत्येकीच्या शेजारी तिची मेमरी. अशा जोडीला नोड म्हणतात. एका नोडवरून दुसऱ्या नोडची मेमरी वाचता येते. प्रोग्रामला काही फरकही दिसत नाही. फक्त उशीर होतो. जवळची मेमरी साधारण १०० नॅनोसेकंदांत उत्तर देत असेल, तर पलीकडची दीडपट, कधी दुप्पट वेळ घेते. लिनक्स कर्नल या अंतरांचे कोष्टकच बाळगतो. त्यात स्वतःच्या मेमरीचे अंतर १० धरलेले असते आणि शेजारच्या नोडचे बहुधा २०च्या आसपास.

लिनक्सवर चाललेल्या कामांची यादी काढली, तर तिच्यात ‘केवर्कर’ नावाच्या ओळी दिसतात. हेच कर्नलचे कामकरी. डिस्कवर माहिती उतरवणे, नेटवर्कची आवराआवर, नंतर करू म्हणून बाजूला ठेवलेली बारीकसारीक कामे ते उरकतात. त्यांच्या काही टोळ्या एकेका प्रोसेसरला बांधलेल्या असतात. टोळीतला एखादा डिस्कची वाट पाहत झोपला, की कर्नल त्याच्या जागी दुसऱ्याला उठवतो, म्हणजे प्रोसेसर रिकामा राहत नाही. ज्या टोळ्या अशा बांधलेल्या नाहीत, त्या २०१३पासून नोडनिहाय ठेवल्या जाऊ लागल्या. काम ज्या नोडवरून आले, ते त्याच नोडवरच्या कामकऱ्याला द्यायचे, कारण त्या कामाची माहिती बहुधा तिथल्याच मेमरीत असते. मेमरीचे पान, कोणी वेगळे सांगितले नसेल तर, ज्या थ्रेडने त्याला पहिल्यांदा हात लावला त्याच्या नोडवर मिळते.

अडचण पुढे येते. एका नोडवर गर्दी झाली आणि दुसरा रिकामा असला, तर थ्रेड तिकडे हलवावा की नाही? हलवला तर तो मोकळ्या प्रोसेसरवर जातो, पण त्याची पाने मागे राहतात. पुण्याहून नागपूरला बदली झालेला कर्मचारी आणि त्याच्या सगळ्या फायली पुण्याच्याच कपाटात, अशी ही गत. प्रत्येक फायलीसाठी निरोप धाडा. न हलवला तर एकीकडे रांग आणि दुसरीकडे रिकाम्या खुर्च्या. कर्नल कधी थ्रेड हलवतो, कधी थोडा थांबतो, कधी मागाहून पानेही त्याच्याकडे रवाना करतो. याला एक पक्के उत्तर अजून नाही. पुढे एकाच चिपेच्या पोटात प्रोसेसरांचे लहान लहान गट झाले, प्रत्येक गटाला वेगळी सामायिक कॅश मेमरी आली आणि नोड हा हिशेबही ढोबळ वाटू लागला. २०२३पासून लिनक्सने या सैल टोळ्यांची वाटणी अशा गटांनुसार केली. शेजाराची व्याख्या आणखी आखूड झाली.

दिवाळखोरीनंतर क्रे यांनी निवृत्ती घेतली नाही. ऑगस्ट १९९६मध्ये त्यांनी आणखी एक कंपनी काढली. या वेळी ते पुष्कळ प्रोसेसरांच्या यंत्राकडे वळले होते. कोंबड्यांची थट्टा करणारा माणूस कोंबड्यांकडे आला होता. त्यांचा रोख मात्र प्रोसेसरांच्या संख्येवर नव्हता. इतक्या सगळ्यांना मेमरी वेळेवर पोहोचवायची कशी आणि त्यांचे आपसांत दळणवळण कसे ठेवायचे, या प्रश्नावर होता.

२२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. डोक्याला आणि मानेला जबर मार बसला. ७१वा वाढदिवस रुग्णालयातच गेला. ५ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.

त्यांनी १९७२मध्ये स्थापन केलेली क्रे रिसर्च त्याच वर्षी सिलिकॉन ग्राफिक्सने विकत घेतली होती. त्या कंपनीने १९९६च्या ऑक्टोबरमध्येच ओरिजिन २००० बाजारात आणला. त्यात प्रत्येक नोडपाशी त्याची स्वतःची मेमरी होती, आणि पलीकडची मेमरी थोड्या उशिराने, पण सर्वांना खुली होती.